तीन डोस झाले होते, तरी पार्वो झाला: पिल्लांच्या लसींबद्दल

सदाफुली (पुणे), ९ जून

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, पण ढब्बूचं नाव लिहायला हात धजत नव्हता.

ढब्बू आमचा लॅब्रॅडॉर. पंचेचाळीस दिवसांचा असताना घरी आला. सोबत लसीचं पुस्तक, त्यात एक स्टिकर. पुढचे दोन डोस आम्ही जवळच्या एका दवाखान्यात दिले. तिसऱ्या डोसानंतर पुस्तकावर 'पूर्ण' असं लिहून मिळालं आणि आता थेट वर्षाने या, असं सांगितलं. आम्ही निर्धास्त झालो. सोसायटीच्या बागेत नेऊ लागलो.

चौदा आठवड्यांचा असताना एका रविवारी त्याने सकाळचं खाणं सोडलं. लॅब खात नाही म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे पाळणाऱ्यांना सांगायला नको. संध्याकाळी फेसाच्या उलट्या, दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब. तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पट्टीवरच्या तपासणीत पार्वो निघाला, पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूरोग. चार दिवस सलाईन चाललं. पाचव्या पहाटे तो गेला.

मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारत राहिले, तीन डोस झाले होते ना? घरी येऊन पुस्तक काढलं आणि जन्मतारखेवरून आठवडे मोजले. पाचवा, सातवा, नववा. तिन्ही डोस नऊ आठवड्यांच्या आत संपले होते.

आता आमच्याकडे खारी आहे. रस्त्यावरची, तांबूस, अंदाजे अकरा आठवड्यांची. आठव्या आठवड्यात पहिला डोस झाला आहे. या वेळी मला नीट समजून घ्यायचं आहे. किती डोस द्यायचे? शेवटचा कधी? आणि तोवर तिला घरात कोंडून ठेवायचं का? ज्यांनी पिल्लं वाढवली आहेत, किंवा ज्यांचं हे कामच आहे, त्यांनी कृपया लिहा.

गोठ्यातला डॉक्टर (सातारा), ९ जून

सदाफुली, वाचून वाईट वाटलं. तुम्ही मोजलंत ते बरोबर मोजलंत, आणि उत्तर त्यातच आहे.

गाय व्यायली की पहिल्या दिवसाचा चीक वासराला पाजायची घाई का करतात हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक असतं. कुत्री-मांजरांचंही तेच. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात चिकातून आईच्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पिल्लाच्या रक्तात जातात. त्या काही आठवडे पिल्लाला राखतात. अडचण अशी की त्यांना रोगाचा विषाणू आणि लसीतला दुबळा केलेला विषाणू यातला फरक कळत नाही. लस टोचली की त्या तिलाही मारून टाकतात. टोचलं, पुस्तकात स्टिकर लागला, पण पिल्लाचं स्वतःचं शरीर काहीच शिकलं नाही.

या अँटिबॉडी कुणाच्या सहाव्या-आठव्या आठवड्यात ओसरतात, कुणाच्या सोळाव्यापर्यंत टिकतात. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. ज्याने जास्त चीक प्यायला त्याची लस जास्त काळ वाया जाते. आणि ओसरताना मध्ये एक असा काळ येतो की त्या रोग अडवायला अपुऱ्या असतात, पण लस मोडायला पुरेशा. बहुतेक पिल्लं त्याच काळात जातात.

म्हणून आपण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत जातो. पहिल्याने काम अर्धं आणि दुसऱ्याने पूर्ण, असं ते नसतं. दर वेळी आपण दार ठोठावतो, उघडलं असेल तर ठीक. सोळाव्या आठवड्यापर्यंत जवळपास सगळ्यांची दारं उघडलेली असतात. त्यामुळे 'किती डोस झाले' हा प्रश्नच बाजूला ठेवा. शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला, एवढं विचारा. सोळाव्यात किंवा त्यानंतर पडला असेल तर पिल्लू सुरक्षित धरायचं. नवव्या आठवड्यात संपलेले तीन डोस म्हणजे तीनदा बंद दार ठोठावणं.

खारीसाठी: बाराव्या आठवड्यात दुसरा डोस आणि त्याच सुमारास रेबीजची पहिली लस. सोळा पूर्ण झाल्यावर तिसरा. मग वर्षाची वाट न पाहता सव्वीस आठवड्यांच्या सुमारास आणखी एक. हा सव्वीसचा डोस 'वाढीव' म्हणून देत नाहीत. सोळाव्यातही ज्याचं दार बंद होतं असा एखादा उरला असेल, तर त्याला वर्षभर उघडं ठेवू नये म्हणून. जगभरच्या पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना, वसावा, तिच्या २०२४च्या मार्गदर्शनातही हेच आहे.

गच्चीवरची (ठाणे), १० जून

डॉक्टर, चिकाचं उदाहरण वाचून पहिल्यांदा समजलं. आजवर मला वाटायचं की दवाखाने उगाच डोस वाढवतात.

सदाफुली, ढब्बूबद्दल वाचून रडू आलं गं.

नवखा२३, १० जून

धाग्याबद्दल आभार. माझी अडचण उलटी आहे. आमची पग आहे, दोन वर्षांची. मागच्या वर्षी नाईन इन वन आणि रेबीज एकाच दिवशी दिलं. घरी पोचेपर्यंत तिचं तोंड सुजलं, डोळे बंद, अंगावर गांधी. धावत परत गेलो, इंजेक्शन दिल्यावर दोन तासांत उतरलं. पण तेव्हापासून बायको म्हणते लसच नको. खरं सांगायचं तर मलाही हिंमत होत नाही. शिवाय पगला नऊ रोगांची लस आणि शेजारच्या ग्रेट डेनलाही तेवढीच, हे मला पटत नाही. अर्धा डोस चालेल का?

गोठ्यातला डॉक्टर, १० जून

अर्धा डोस नको, दादा. लसीचा डोस वजनावर ठरत नाही. प्रतिकारशक्तीला एक ठरावीक ओळख करून द्यावी लागते, आणि ती पगला आणि ग्रेट डेनला सारखीच लागते. अर्ध्यात रिअ‍ॅक्शनचा धोका राहतो तो राहतोच, वर संरक्षणाची खात्री जाते.

पण तुमची भीती खोटी नाही. अमेरिकेत बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये एक अभ्यास आला. लसीनंतर तीन दिवसांत दर १०,००० कुत्र्यांमागे साधारण ३८ जणांत काही ना काही त्रास नोंदला गेला. लहान चणीच्या कुत्र्यांत तो जास्त दिसला आणि एका भेटीत जितक्या लसी जास्त, तितका धोका वाढला. तुमची पग या दोन्ही गोष्टींत बसते.

तेव्हा असं करा. मागची रिअ‍ॅक्शन पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या, कोणती लस, किती वेळाने, काय झालं. पुढच्या वेळी रेबीज वेगळ्या दिवशी, बाकीची दोन-तीन आठवड्यांनी. सकाळी जा, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आधी काही औषध द्यायचं का, ते डॉक्टरांनी तिला तपासून ठरवावं.

एक दिवस मरगळ, थोडी कणकण, टोचल्या जागी दुखणं किंवा गाठ, एवढं चालतं. तोंड सुजणं, गांधी, लागोपाठ उलट्या-जुलाब, श्वास लागणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, कोसळणं, यातलं एक जरी दिसलं तर फोन करत बसू नका, उचला आणि या. आणि ताप वाटला म्हणून घरातली क्रोसिन देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉल विषच आहे, एका गोळीत जीव जातो.

बोकोबा (डोंबिवली), ११ जून

मांजरांचा विषय आलाच आहे तर लिहितो. माझ्याकडे तीन आहेत, सातव्या मजल्यावर, दाराबाहेर पाऊल नाही. मीही म्हणायचो, घरातल्या मांजराला कशाला लस. मग काजू, सगळ्यात धाकटी, पॅनल्यूकोपेनियाने आजारी पडली. घरातून बाहेर न गेलेली मांजर! तो विषाणू बहुधा आमच्याच चपलांवर बसून आला. पार्वोचाच जवळचा भाऊ आहे तो. काजू वाचली, पण दहा दिवस आम्ही चमच्याने पाणी पाजत होतो.

मांजरांच्या तीन मुख्य: पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस, कॅलिसी. तिन्ही मिळून एकच इंजेक्शन येतं, दवाखान्यात ट्रायकॅट म्हणतात ते. आमच्याकडे आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, आणि वर रेबीज. हर्पीस-कॅलिसीची लस घेतली म्हणजे शिंका येणारच नाहीत असं नाही, पण आजार बेताचा राहतो. पॅनल्यूकोपेनियाची मात्र भक्कम आहे.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. लसीच्या जागी मांजरांना कर्करोग होतो असं वाचलं. खरं आहे का?

गोठ्यातला डॉक्टर, ११ जून

होतो, पण फार विरळा. साधारण दहा ते तीस हजारांत एक असा अंदाज आहे. म्हणूनच आता मांजरांना दोन खांद्यांच्या मध्ये टोचू नये, पायावर शक्य तितकं खाली टोचावं, आणि कुठल्या पायाला काय दिलं ते लिहून ठेवावं. टोचल्यावर वाटाण्याएवढी गाठ येऊन विरते, त्याची काळजी नको. गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, किंवा महिना उलटल्यावरही वाढतच असेल, तर तुकडा काढून तपासायचा. तीन, दोन, एक, असं लक्षात राहतं. यातली एक गोष्ट जरी दिसली तरी थांबायचं नाही.

गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत. पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूवर परिणाम होतो, ती जन्मभर झोकांड्या खात चालतात.

माडाखाली (सिंधुदुर्ग), १२ जून

शहरातल्यांनी लेप्टोला, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसला, विसरू नका. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की माणसांच्या लेप्टोच्या बातम्या येतात. भातशेतीत उंदीर, उंदराच्या मुताचं पाणी, त्यात चिखलणी करणारी माणसं आणि मागे मागे फिरणारे कुत्रे. आमचा शेरू गेल्या पावसात पिवळा पडला, मूत्रपिंडं गेली. त्याच्यामुळे घरातल्या माणसांनाही डॉक्टरांनी औषध दिलं, कारण हा रोग कुत्र्याकडून आपल्यालाही होतो.

त्याला लस झाली होती, पण तीन वर्षांपूर्वी. लेप्टोची लस तीन वर्षं पुरत नाही, हे मला नंतर कळलं.

दुसरी गोष्ट थंड साखळीची, म्हणजे लस टोचेपर्यंत सतत थंड ठेवण्याची. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. मी तालुक्याहून लस थर्मासमध्ये आणायचो आणि बर्फावरच ठेवायचो. ते बरोबर की चूक?

गोठ्यातला डॉक्टर, १२ जून

बर्फाला थेट टेकवू नका. लसीला २ ते ८ अंश सेल्सियस लागतं. गोठलेली रेबीजची लस उन्हात तापलेल्या लसीइतकीच निकामी. वर्तमानपत्रात गुंडाळा, मध्ये कापडाची घडी ठेवा. आणि भुकटीत पाणी मिसळलं की लगेच टोचायची, मिसळून घरी न्यायची नाही.

दुकानातून लस आणून घरी स्वतः टोचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, नका करू. रिअ‍ॅक्शन आली तर तुमच्या हाताशी काय असणार आहे? आणि त्या नोंदीला परवान्यासाठी किंवा प्रवासासाठी कुणी धरत नाही.

लेप्टोचं तुम्ही नेमकं सांगितलंत. डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिसचं संरक्षण पिल्लूपणीची मालिका आणि सव्वीसचा डोस नीट झाला की तीन वर्षं आणि पुढेही टिकतं. लेप्टो हा जंतू वेगळा, त्याचं वर्षभरच टिकतं. सुरुवातीला दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी, आणि आपल्याकडे पावसाच्या आधी, मे महिन्यात दिलेला बरा. मध्ये मोठा खंड पडला तर पुन्हा दोन डोस.

जुनाजाणता, १३ जून

मी सत्तरीचा आहे. लहानपणी गावात एका पिल्लाने माझ्या चुलतभावाला ओचकारलं होतं. 'एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज,' म्हणून घरच्यांनी जखमेत मिरची भरली. दोन महिन्यांनी तो पाण्याचा पेला बघून किंचाळू लागला. तिसऱ्या दिवशी गेला. मी तेव्हा दहा वर्षांचा. त्यानंतर आम्हा सगळ्या पोरांना पोटात चौदा इंजेक्शनं दिली, ती अजून आठवतात.

पिल्लालाही रेबीज होतो. एकदा लक्षणं दिसली की पुढे औषध नाही. चावलं, ओचकारलं की साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. हळद, चुना, मिरची काहीही नको. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. आता इंजेक्शन दंडात देतात, चार-पाच भेटी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) मागायचं, ते विसरलं जातं.

माफ करा, लसींच्या धाग्यात माणसांचं लिहिलं. पण कुत्र्याची लस आपण शेवटी याचसाठी देतो.

माडाखाली, १३ जून

काका, माफी कसली. आमच्या शेजारीच गोवा. तिथे २०१३पासून गावोगाव फिरून रस्त्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस देताहेत. जाळीने धरायचं, टोचायचं, रंगाची खूण करायची आणि सोडायचं. दहातल्या सात कुत्र्यांना लस झाली की साखळी तुटते, असा हिशेब आहे. २०१७ नंतर तिथे काही वर्षं माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती, २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. बांद्याच्या अलीकडे आम्ही मात्र अजून पंचायतीत अर्ज करतो आहोत. सीमा कुत्र्यांना कळत नाही.

गच्चीवरची, १४ जून

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्री व्यायली आहे. पाच पिल्लं, साधारण चार आठवड्यांची असावीत. सभासद म्हणतात उचलून लांब सोडा. मी अडवलं आहे. त्यांना लस कधीपासून? आई जवळ येऊ देते, पण तिलाही काही झालेलं नसणार.

गोठ्यातला डॉक्टर, १४ जून

लांब सोडू देऊ नका, आईपासून तुटलेलं चार आठवड्यांचं पिल्लू जगत नाही. आज जंताचं औषध, दर दोन आठवड्यांनी. सहाव्या आठवड्यात पहिली लस, पुढे दर तीन आठवड्यांनी सोळाच्या पलीकडे जाईपर्यंत. आईला रेबीज आजही चालेल. पिल्लांना रेबीज एरवी बारा आठवड्यांनी देतो, पण पुन्हा हाती लागणार नाहीत असं वाटलं तर लवकर दिलेली बरी, आणि मग बाराव्यानंतर पुन्हा. पिल्लं दूध तोडली की आईची नसबंदी करून तिथेच परत आणा.

सदाफुली, १७ जून

आज खारीचा दुसरा डोस आणि रेबीज, दोन्ही झालं. अर्धा तास थांबलो. संध्याकाळी जरा सुस्त होती, आता उशी फाडते आहे.

दोन प्रश्न. ढब्बू याच घरात आजारी होता, आठ महिने झाले. मी फरशी रोज फिनाईलने पुसते. आणि तिला अजून चार आठवडे जमिनीवर ठेवायचंच नाही का? फटाक्यांना, रिक्षाला घाबरणारी होईल अशी भीती वाटते.

गोठ्यातला डॉक्टर, १७ जून

फिनाईलने पार्वो मरत नाही. कपडे धुवायचं साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. आधी फरशी साबणाने स्वच्छ करायची, मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. त्या वेळी खारी दुसऱ्या खोलीत. ढब्बूचं अंथरूण, भांडी, पट्टा असं काही ठेवलं असेल तर ते तिला देऊ नका. मन होत नाही, मला ठाऊक आहे, पण उंच कपाटात ठेवा. सावलीतल्या ओल्या मातीत हा विषाणू वर्षभर राहतो, म्हणून बाल्कनीतल्या कुंड्याही.

कोंडू मात्र नका. तीन ते चौदा आठवड्यांत पिल्लू जग ओळखायला शिकतं, ते दिवस परत येत नाहीत. कडेवर घेऊन चौकात उभे राहा, रिक्षातून फिरवा, भाजीवाल्याकडे न्या. लस झालेला मोठा शांत कुत्रा ओळखीत असेल तर त्याच्या घरी खेळू द्या. जिथे अनोळखी कुत्रे शी-शू करतात ती बाग आणि तो रस्ता तेवढा टाळा.

नवखा२३, २१ जून

अनुभव कळवतो. फक्त रेबीज दिली, सकाळी, अर्धा तास थांबून. काही झालं नाही. बायकोनेच पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिली.

आमच्याकडे कोरोनाचीही लस सुचवली होती, कुत्र्यांची. घ्यावी का?

गोठ्यातला डॉक्टर, २१ जून

कुत्र्यांचा कोरोना आतड्याचा आणि सहसा सौम्य. वसावा ती सुचवत नाही. तुमच्या पगला तर टोचणं जितकं कमी तितकं बरं.

ऱ्हाइनकाठ (जर्मनी), २४ जून

परदेशी जाणाऱ्यांसाठी. आम्ही पुण्याहून कुत्रा आणला. रेबीजची लस आधी झाली होती, मायक्रोचिप नंतर बसवली. कागद तपासताना कळलं की चिप आधी हवी, नाहीतर ती लस धरतच नाहीत. पुन्हा टोचावं लागलं. मग तीस दिवसांनी रक्त, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, अँटिबॉडी ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त हव्यात. आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबणं. नवरा पुढे गेला, मी आणि कुत्रा चार महिने मागे राहिलो. नोकरीचं पत्र आलं की विमानाच्या तिकिटाआधी चिप. बूस्टरची तारीख एक दिवसही चुकवू नका, चुकली तर सगळं पहिल्यापासून.

बोकोबा, २५ जून

हे कुठेच एकत्र वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सदाफुली, १८ जुलै

खारी आज सोळा आठवडे तीन दिवसांची. तिसरा डोस झाला. दवाखान्यात एक काका लॅबचं पिल्लू घेऊन बसले होते. 'दहा आठवड्यांत सगळे संपले बरं का,' म्हणाले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि पुस्तक बघायला मागितलं. त्यांनी पिल्लासाठी पुढची वेळ घेतली.

सव्वीस आठवडे २३ सप्टेंबरला होतात. उद्या तिला पहिल्यांदा बागेत जमिनीवर सोडणार आहे.

गच्चीवरची, २० जुलै

बागेतला फोटो टाक गं.

पार्किंगमधल्या पाचांपैकी दोघांना घरं मिळाली. पहिला डोस पाचही जणांचा झाला आहे, आईला रेबीज आणि नसबंदी दोन्ही झालं. नेणाऱ्यांना पुस्तकं दिली, त्यांत शेवटच्या डोसाची ओळ कोरी ठेवून बाजूला लाल शाईने लिहिलंय: ६ सप्टेंबरच्या आधी नाही.